सही माझी, पण हात माझा नव्हता

पत्र (थोडक्यात; गाव आणि नावं गाळली आहेत):

मी त्रेचाळीस वर्षांची. बारावी झाली आणि लग्न झालं. गावच्या पतसंस्थेत सहा वर्षांपासून संचालक आहे. महिला राखीव जागा भरायची होती, जेठांनी माझं नाव दिलं. ते चेअरमन. सभांचे ठराव लिहायचं प्रोसिडिंग बुक घरीच यायचं. शिपाई बोट ठेवील तिथं सही करायची. भाकरी थापताना पिठाचा हात पुसून सह्या केल्या आहेत. एकदा विचारलं, तर जेठ म्हणाले, "तुले काय करनं शे? सही कर नि मोकळी व्हय."
दिवाळीनंतर लेखापरीक्षण अहवाल माझ्या हाती पडला. तीन मोठी कर्जं एकाच जिनिंग कारखान्याला दिली आहेत, आणि तो जेठांच्या व्याह्यांचा. तारण दाखवलेल्या कापसाच्या गठाणी गोदामात नाहीतच. तिन्ही ठरावांवर माझी सही. शेजारच्या काकूंचे चार लाख आमच्याकडे ठेव आहेत, त्यांच्या यजमानांच्या एस.टी.तल्या फंडाचे. पुढच्या महिन्यात मुदत संपते. "परत ठेवू का गं?" असं विचारतात, मी विषय बदलते. जेठ म्हणतात, तोंड उघडलंस तर रांग लागेल, संस्था बुडेल, पाप तुझ्या डोक्यावर. सासूबाई म्हणतात नशीब, आणि वर "कर्मण्येवाधिकारस्ते". मुलगी जळगावला बी.ए. करते, तत्त्वज्ञान घेतलंय. ती म्हणते, सार्त्रच्या मते माणूस पूर्ण स्वतंत्र असतो, म्हणून जे झालं त्याची सगळी जबाबदारी तुझीच. सही माझी, पण हात माझा नव्हता. मग दोष माझा कसा? आणि आता काय करू?

ताई,

तुमच्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांना चिकटलेत. तेव्हा दोष कुणाचा होता, हा एक. आता काय करू, हा दुसरा. पहिल्याचा निकाल लागल्याशिवाय दुसऱ्याला हात घालता येत नाही असं तुम्ही धरून बसला आहात, आणि सहा वर्षांच्या सह्यांचा निकाल रात्री अंथरुणात लागत नसतो. दुसरा प्रश्न पहिल्यावर अवलंबून नाही. उद्या कुणी तुम्हाला पूर्ण निर्दोष ठरवलं तरी काकूंची मुदत पुढच्या महिन्यात संपणारच आहे.

तरी पहिला टाळत नाही, कारण मुलीने तुम्हाला सार्त्र अर्धा सांगितलाय. परीक्षेच्या नोट्समध्ये तो बहुतेक अर्धाच असतो.

अस्तित्ववादी फ्रेंच तत्त्वज्ञ ज्याँ-पॉल सार्त्र (१९०५–१९८०) याचं मूळ म्हणणं असं. कागद कापायची सुरी घडवणाऱ्याला ती कशासाठी हवी ते आधी माहीत असतं, मग सुरी तयार होते. माणसाचं तसं नाही. तो आधी असतो, आणि जे करत जातो त्यातून घडत जातो. "मी मुळात अशीच", "बायकांना त्यातलं काय कळतं", "चेअरमनच्या घरची म्हणजे सही आलीच" ही वाक्यं बोलताना माणूस स्वतःला सुरीच्या रांगेत नेऊन ठेवतो. तिथे सोय असते, वस्तूला कुणी जाब विचारत नाही. या सोयीला तो आत्मवंचना म्हणतो.

त्याच्या १९४३ च्या मोठ्या ग्रंथात आत्मवंचनेचा एक प्रसंग आहे, आणि तो तुमच्या पत्रातल्या ओळीशी फार जुळतो. एक बाई एका पुरुषाला पहिल्यांदाच भेटायला गेली आहे. बोलता बोलता तो तिचा हात हातात घेतो. काढून घ्यावा तर भेटीचा विचका, राहू द्यावा तर होकार. ती हात तिथेच राहू देते, पण आपलं त्याकडे लक्षच नाही अशा थाटात आयुष्याबद्दल उंची गोष्टी बोलत राहते. हात जणू तिचा नाही, टेबलावर कुणी विसरून गेलेली चीज आहे. तिला ठाऊक आहे, आणि ठाऊक नाही असं ती स्वतःलाच पटवते आहे. "हात माझा नव्हता" हे सार्त्रने ऐकलं असतं तर तुमची सुटका नव्हती.

पण या उदाहरणावर स्त्रीवादी अभ्यासकांनी घेतलेला आक्षेपही खरा आहे. सार्त्र त्या बाईच्या मनात शिरतो, तिच्या परिस्थितीत शिरत नाही. हात काढून घेण्याची किंमत तिला काय पडली असती, हे तो विचारत नाही. समोरच्या पुरुषाने आधी काय केलं, याचीही झडती नाही. तुमच्या बाबतीत तीच झडती आधी व्हायला हवी. सभा न घेता प्रोसिडिंग बुक घरोघर फिरवणं हीच मुळातली लबाडी, आणि ती तुमची नाही.

सार्त्र स्वतःही पुढे बदलला. परिस्थिती कशीही असो, माणूस निवडायला मोकळाच, असं त्याने पूर्वी ठासून लिहिलं होतं. १९६९ च्या एका मुलाखतीत तो म्हणाला की ते जुनं विधान वाचून आपण हे खरोखर मानत होतो याचंच नवल वाटतं. मग स्वातंत्र्य म्हणजे काय उरलं? त्याच मुलाखतीत त्याने जे सांगितलं त्याचा आशय असा: परिस्थितीने माणसाला पुरता घडवलेला असतो, तरी मिळालं ते जसंच्या तसं परत न करता तो त्यात जो थोडासा फरक करतो, ते स्वातंत्र्य. मुलीला ही मुलाखत वाचायला सांगा. १९४३ चा सार्त्र वर्गात जोरदार वाटतो. घरातल्या माणसाला लावायला १९६९ चा बरा.

तुमच्या प्रकरणात मात्र माझा भरवसा सार्त्रपेक्षा त्याची सहचारिणी आणि स्वतः तत्त्वज्ञ असलेल्या सिमोन द बोव्हुआरवर जास्त आहे. १९४७ च्या नीतिविषयक पुस्तकात तिने एक रेघ ओढली आहे. काही माणसांना लहानपणापासून अशा जगात ठेवलेलं असतं की नियम दुसऱ्यांनी केलेले, अर्थ दुसऱ्यांनी लावलेला, आणि पर्याय आहे हे दिसायलाच वाव नसतो. त्यांच्यावर ती सहजासहजी ठपका ठेवत नाही. पण सुटकेची वाट एकदा दिसली, की त्यानंतर तिकडे पाठ फिरवणं हा दोष, आणि तो स्वतःचा दोष, असं ती स्पष्ट म्हणते.

ही रेघ तुमच्या सहा वर्षांवर ओढून बघा. एक कागद घ्या, तिन्ही कर्जांच्या ठरावांच्या तारखा लिहा, आणि प्रत्येकीपुढे तीन गोष्टी: त्या दिवशी मला काय माहीत होतं, मी काय विचारू शकत होते, आणि विचारण्याची किंमत काय पडली असती. "मला काहीच माहीत नव्हतं" असं तिन्हींपुढे सरसकट लिहू नका. "सगळं माझंच चुकलं" असंही नको. त्यातही बारकाईने बघायचं टळतं. तुमच्याच पत्रात एक जागा आहे: तुम्ही एकदा विचारलं होतंत. म्हणजे काहीतरी खटकलं होतं. त्या दिवसाआधीच्या सह्यांचा भार कमी. त्या दिवसापासून दिवाळीपर्यंत तो वाढतो, पण जेठांचं उत्तर आणि घरातलं तुमचं स्थान त्यातून वजा करावं लागतं. अहवाल हाती आला त्या दिवसापासून वजा करायला फारसं काही उरत नाही. तुम्हाला आता माहीत आहे, आणि आपल्याला माहीत आहे हेही माहीत आहे.

आता "दोष" या एका पिशवीत तुम्ही चार गोष्टी कोंबल्या आहेत, त्या वेगळ्या काढू. याला कार्ल यास्पर्स उपयोगी पडतो. अस्तित्ववादाच्या घराण्यातलाच जर्मन तत्त्वज्ञ. पत्नी ज्यू असल्यामुळे १९३७ साली नाझींनी त्याला प्राध्यापकपदावरून काढलं. युद्ध संपल्यावर साऱ्या जर्मनांना एकाच दोषात मोजायचं की कसं, यावर त्याने हायडेलबर्गला व्याख्यानं दिली, त्यांचं पुस्तक १९४६ ला आलं. त्याने दोषाचे चार प्रकार केले आणि प्रत्येकाचा न्यायाधीश वेगळा नेमला. गुन्ह्याचा न्याय कोर्ट करतं. सामूहिक जबाबदारी आपण ज्या व्यवस्थेचा भाग असतो तिच्यामुळे येते. तिथे "मी वैयक्तिक काही केलं नाही" हे चालत नाही, भरपाईत वाटा उचलावा लागतो. नैतिक दोषाचा निवाडा आपली सदसद्विवेकबुद्धी आणि आपल्याशी खरं बोलणारी जवळची माणसं करतात. चौथा देवापुढचा, तो इथे बाजूला ठेवू.

तुमचं यात बसवलं तर असं दिसतं. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ८८ खाली संस्थेच्या नुकसानीची जबाबदारी चौकशी करून निश्चित होते आणि वसूल होते. तिथे "मी नावालाच होते" या वाक्याला फारसं वजन नाही, कारण कायद्याच्या लेखी नावालाच संचालक अशी जात नाही. हा दुसऱ्या प्रकारचा भार, आणि तो आला म्हणजे तुम्ही वाईट बाई ठरलात असं होत नाही. फसवणुकीत जाणूनबुजून सामील होतात का, हा पहिला प्रकार. तो पुराव्यावर ठरेल. १९९९ च्या ठेवीदार हितसंरक्षण कायद्याची, म्हणजे जळगावकडे ज्याला सगळे एम.पी.आय.डी. म्हणून ओळखतात त्याची, तलवारही तिथेच टांगलेली असते. तिसरा तेवढा तुमचा खासगी, आणि तो मुख्यतः दिवाळीनंतरचा. मुलीने तिन्ही एकत्र करून तुमच्या पदरात टाकले. जेठांनी तिन्ही काढून घेतो म्हटलं, "सही कर नि मोकळी व्हय." दोन्ही हिशेब चुकीचे.

सासूबाईंच्या श्लोकाचंही बघू. विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती टिपून घेतली, तेव्हा खानदेशात गीता अर्धी सांगून भागत नाही. अठराव्या अध्यायाच्या ६३ व्या श्लोकात सगळा उपदेश संपवून कृष्ण अर्जुनाला म्हणतो, "विमृश्यैतदशेषेण यथेच्छसि तथा कुरु." यावर पुरता विचार कर, मग तुला वाटेल तसं कर. नशिबाला तिथे जागा नाही. अर्थात पुढे ६६ व्या श्लोकात "मला शरण ये, मी तुला सर्व पापांतून सोडवीन" असं आश्वासन आहे. सार्त्रकडे ६३ वा आहे, ६६ वा नाही. त्याचं तत्त्वज्ञान इतकं कोरडं लागतं ते यामुळे. तुमची श्रद्धा असेल तर ६६ वा अवश्य ठेवा, पण ६३ वा ओलांडून तिथे जाता येत नाही.

आता जेठांचं म्हणणं. ते निव्वळ धमकी म्हणून उडवून लावण्यासारखं नाही. ठेवी थोड्या मुदतीच्या असतात, कर्जं लांब मुदतीची, आणि हातात रोकड त्यातला थोडाच भाग. सगळे ठेवीदार एकाच आठवड्यात आले तर धडधाकट संस्थाही देऊ शकत नाही. त्यामुळे देवळाच्या पारावर किंवा व्हॉट्सअॅप ग्रुपवर बोभाटा करणं चुकीचंच. पण बोभाटा आणि गप्प बसणं यांच्या मधोमध भरपूर जागा आहे, आणि ती जागा जेठ तुम्हाला दिसू देत नाहीत. शिवाय लेखापरीक्षक आपला अहवाल सहकार खात्याच्या निबंधकांनाही पाठवतो. म्हणजे कायद्याप्रमाणे झालं असेल तर हे गुपित कधीच कार्यालयात पोचलंय. तुमच्या गप्प बसण्याने ते गुपित राहणार नाही, फक्त तुम्ही त्यात राहाल.

जेठांची चिंता खरी आहे की पांघरूण, हे ओळखायची चाचणी सोपी आहे. त्यांना लेखी विचारा: कोणत्या कर्जाची किती वसुली, कोणत्या तारखेपर्यंत, गठाणींच्या जागी दुसरं कोणतं तारण? ठेवीदारांची खरी काळजी असलेला माणूस याचं उत्तर देतो, वाईट असलं तरी देतो. "तुला त्यातलं कळत नाही" एवढंच उत्तर आलं, तर संस्था वाचवायची भाषा व्याह्यांना वाचवण्यासाठी आहे.

एक सौदा तुमच्यापुढे येईल, आजच सांगून ठेवतो: "काकूंचे चार लाख काढून देतो, तू शांत राहा." हा फार गोड सापळा. सार्त्र १९४५ च्या पॅरिसमधल्या व्याख्यानात एक कसोटी देतो: आपण निवडतो तेव्हा माणसाने कसं वागावं याचा नमुनाच सगळ्यांपुढे ठेवतो, म्हणून विचारावं की सगळ्यांनी असंच केलं तर? प्रत्येक संचालकाने आपापल्या शेजारणीला गुपचूप पैसे काढून दिले, तर ज्यांच्या शेजारी संचालक राहत नाही ते शेवटी रिकाम्या काउंटरपुढे उभे राहतील. काकूंवरचा जीव खरा आहे, पण त्या जिवाची किंमत दुसऱ्या कुणाच्या ठेवीतून जायला नको.

मग काकूंना काय सांगायचं? "ठेवा, काही होत नाही" हे अजिबात नाही. ते आजपासून खोटं आहे. "ताबडतोब काढा, सगळं बुडतंय" हेही नाही. बुडतंय की नाही ते तुम्हालाच ठाऊक नाही. तुम्हाला खात्रीने जे माहीत आहे तेवढं बोला: "काकू, परत ठेवा असं मी तुम्हाला सांगणार नाही. बँकेतल्या पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा असतो, पतसंस्थेच्या ठेवीला तो नसतो. मुदत संपली की पैसे मागायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. मी संचालक आहे म्हणून भरवसा धरू नका." असं दुसऱ्या कुणाही ठेवीदाराने विचारलं तरी तुम्ही हेच बोलू शकता, हा या वाक्यांचा फायदा. विषय बदलणं मात्र आता बंद. काकू तुमच्या गप्प बसण्याचा अर्थ "सुरक्षित" असाच लावणार, आणि तुम्हाला ते ठाऊक आहे. म्हणजे गप्प बसणं हा सल्लाच झाला.

कामाचा क्रम सांगतो. आधी वकील, बाकी सगळं नंतर. संस्थेचा वकील नको, जेठांच्या उठबशीतला नको. जळगाव किंवा धुळ्याला सहकार कायद्याची कामं करणारा बघा. एका बैठकीत चार गोष्टी विचारा: कलम ८८ मध्ये माझ्यावर किती येऊ शकतं, फौजदारी बाजू काय, माझ्या नावावर असलेल्या घर-दागिन्यांवर काय परिणाम, आणि खाली सांगितलेलं पत्र कोणत्या शब्दांत द्यावं.

मग कागद. तिन्ही ठरावांच्या आणि लेखापरीक्षण अहवालाच्या प्रती लेखी अर्ज करून, फी भरून मागा. कलम ३२ प्रमाणे सभासदाला ताळेबंद आणि सभांच्या इतिवृत्तांसारखी कागदपत्रं पाहता येतात, आणि फी भरल्यापासून एक महिन्यात प्रत द्यावी लागते. कर्ज प्रकरणाच्या फायली संचालक म्हणून वेगळ्या मागा. प्रती आल्या की चार जागा बघा: सभेची तारीख, हजेरी, अजेंडा कधी निघाला, आणि सूचक-अनुमोदक म्हणून कुणाची नावं आहेत. कधी कधी महिला संचालकाचंच नाव सूचक म्हणून टाकलेलं असतं, आणि तिला ते वर्षानुवर्षं माहीत नसतं. सभेच्या दिवशी तुम्ही माहेरी होतात, लग्नाला होतात, दवाखान्यात होतात असं निघालं तर त्याचा पुरावा शोधा. सभा झालीच नव्हती, हे दाखवायला असा कागद फार कामाला येतो.

नंतर चेअरमन आणि मॅनेजर यांच्या नावाने अर्ध्या पानाचं पत्र. विशेषणं नकोत. अहवालातला मुद्दा क्रमांक, तीन कर्जांचे ठराव क्रमांक, "तारण साठा प्रत्यक्ष आढळला नाही असं अहवाल म्हणतो", आणि तीन मागण्या: संचालक मंडळाची सभा प्रत्यक्ष बोलवा, या जिनिंगला आणि तिच्याशी संबंधित कुणालाही नवीन कर्ज किंवा मुदतवाढ देऊ नका, वसुलीचा तारीखवार आराखडा ठेवा. आवक शिक्का मारलेली पोच घ्या. पंधरा दिवसांत हालचाल झाली नाही, तर हेच पत्र आणि एक जोडपत्र तालुक्याच्या सहाय्यक निबंधक कार्यालयात द्या आणि कलम ८३ खाली चौकशीची विनंती करा. तिथेही पोच. स्वतःच्या नावाने, सहीने. निनावी अर्ज देऊ नका; तो उचलला गेला तरी तुम्ही दिलात हे पुढे कुठेही दाखवता येत नाही, आणि गावात नाव भलत्याचंच निघतं.

यात माणसं कुठे घसरतात तेही सांगतो. सर्वात सामान्य म्हणजे राजीनामा. तो सुटकेसारखा दिसतो; पण जुन्या ठरावांची जबाबदारी त्याने पुसली जात नाही, आणि कागद मागायची, सभेत बोलायची जागा मात्र जाते. निवड न करणं हीसुद्धा निवड असते, हे सार्त्रचं वाक्य राजीनाम्याला चपखल बसतं. राजीनामा द्यायचाच झाला तर पत्राच्या नंतर, वकिलाला विचारून.

दुसरी घसरण भयंकर आहे. कुणीतरी हितचिंतक सुचवील की जुन्या प्रोसिडिंगमध्ये तुमच्या सहीखाली "विरोध" असं बारीक अक्षरात लिहून टाक. हे बनावट दस्तऐवज करणं झालं. आज तुमच्यावर निष्काळजीपणाचा ठपका आहे, त्याने सरळ गुन्हा होईल. झालेल्या सह्या जशा आहेत तशाच राहू द्या. त्यांचा अर्थ पुढच्या वागण्याने बदलू शकतो, त्यांची शाई नाही.

तिसरी, रात्री ठरवायचं आणि सकाळी चहाबरोबर विरघळून जायचं. सार्त्रने जुगाऱ्याचं उदाहरण घेतलंय: काल मनापासून सोडलेला डाव आज टेबल समोर दिसताच पुन्हा खुला होतो, कारण कालची शपथ आज भिंतीसारखी आड येत नाही, ती आज नव्याने घ्यावी लागते. त्याला इलाज मनोबलाचा नाही, व्यवस्थेचा आहे. वकिलाची वेळ आजच फोनवर ठरवा, एस.टी.ने कोणत्या गाडीने जायचं ते ठरवा, सोबत कोण ते ठरवा. मुलीला सोबत न्या. सार्त्र तिला पाठ आहे, आता आवक-जावक रजिस्टरही बघू द्या.

घरचं राहिलं. तुम्ही पत्रात यजमानांबद्दल एक अक्षर लिहिलं नाही. त्यांचा कौल तुम्हाला माहीत असावा, किंवा विचारायची भीती असावी. डेन्मार्कचा तत्त्वज्ञ किर्केगार्द याने १८४४ मध्ये भीती आणि अस्वस्थता यांत फरक केला होता. भीती बाहेरच्या ठरावीक गोष्टीची. अस्वस्थता आपण काय करू शकतो याची, मोकळेपणाची घेरी. तुमच्याकडे दोन्ही आहेत, आणि त्यांना एकच औषध चालत नाही. भीतीची यादी करा: घरातून काढतील का, मुलीची फी कोण भरेल, माहेर किती दिवस साथ देईल, हाताशी स्वतःच्या खात्यावर किती आहेत. यातल्या प्रत्येकीची पत्र देण्याआधी काही ना काही सोय लावता येते, आणि लावावी. शहीद व्हा असं बोव्हुआर सांगत नाही, मीही सांगत नाही. पत्र महिनाभर पुढे ढकलून आधी फी भरलीत, तर ते शहाणपण. महिन्यानंतर नवीन कारण निघालं, तर ती यादी आता भीतीची राहिली नाही. आणि अंगावर हात उठण्याची शक्यता असेल तर हा सगळा क्रम बाजूला ठेवून आधी सुरक्षित जागा आणि वकील.

यजमानांना पत्र देण्याच्या आदल्या दिवशी सांगा, परवानगी मागायला नको, माहिती म्हणून. फार आधी सांगितलंत तर तासाभरात जेठांकडे पोचेल. नंतर सांगितलंत तर तुमच्या दोघांत कायमची अढी बसेल.

आता सर्वात जवळचं. लेखापरीक्षकाने दाखवलेल्या दोषांवर संस्थेला दोष दुरुस्ती अहवाल द्यावा लागतो. तो तयार होईल, मुद्द्यांपुढे "पूर्तता केली", "साठा तपासला, योग्य आढळला" अशी उत्तरं टाइप झालेली असतील, आणि जुन्या सवयीने शिपाई तो घेऊन तुमच्या ओट्यापाशी येईल. अहवाल वाचल्यानंतर तुमच्याकडे येणारी ही पहिली सही. "वाचून उद्या देते" म्हणा आणि ठेवून घ्या. ठेवू देत नसेल तर सही न करता परत पाठवा. सही करायचीच वेळ आली तर सहीच्या वर, त्याच शाईने, तारीख-वेळ घालून लिहा: "मुद्दा क्र. … मधील गठाणींचा साठा मी पाहिलेला नाही. या उत्तराशी मी सहमत नाही." लिहू दिलं नाही, तर हीच दोन वाक्यं त्याच दिवशी कागदावर लिहून संस्थेच्या पत्त्यावर आणि सहाय्यक निबंधक कार्यालयाच्या पत्त्यावर स्पीड पोस्टने पाठवा. पोस्टाच्या दोन्ही पावत्या घरात ठेवू नका, मुलीजवळ द्या.